किरण समुद्रे यांची पहिली कादंबरी

१

"बाई, हे पुस्तक माझं आहे. आणि माझं नाही," असं म्हणत सबीनाने फोन सुगंधाबाईंच्या पुढ्यात सरकवला.

सुगंधाबाई भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेला उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी एकीत राहत. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हातातला खडू काही सुटला नव्हता. संध्याकाळी इमारतीतली मुलं येत. बाई फळ्यावर एक उतारा लिहीत आणि त्यात मुद्दाम एक चूक दडवून ठेवत. कधी सूर्य उत्तरेला मावळायचा, कधी बेडूक पिल्लांना दूध पाजायचा. चूक सापडली की ओरडायचं नाही, गप्प बसून हसायचं, म्हणजे बाकीच्यांनाही शोधायला मिळतं, असा नियम होता. आत्ताही मुलं फळ्याकडे टक लावून बसली होती आणि त्यातल्या एकीला हसू आवरत नव्हतं.

बाईंनी चष्मा चढवून फोन पाहिला. एका ईबुकचं मुखपृष्ठ. 'धक्क्यावरची चप्पल. लेखक : किरण समुद्रे.'

"तुझ्या कादंबरीचं नाव 'बंदरावरची चप्पल' ना गं?"

"तेच तर! बंदराचा धक्का केला, बस्स. आतून सगळी माझी. माझं तारोडी उचलून गुहागरजवळ नेऊन ठेवलंय. माझ्या पीटरचा प्रकाश केलाय. पण खून तोच, खुनी तोच, पोलिसाचे विनोदसुद्धा माझेच."

सबीना बाईंची जुनी विद्यार्थिनी. तारोडीची, उत्तनच्या बाजूची. मीरा रोडला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी करायची आणि जातायेता बसमध्ये फोनवर अंगठ्याने कादंबरी लिहायची. छापील पुस्तकासाठी प्रकाशकांचे उंबरठे झिजवण्यापेक्षा ईबुक काढावं, असं तिने ठरवलं होतं. काल तिने पुस्तक साइटवर चढवलं आणि आज सकाळी उत्तर आलं, की हा मजकूर आमच्याकडे दुसऱ्या लेखकाच्या नावाने आधीच प्रकाशित आहे.

"त्यांना कळव की मूळ लेखिका मी आहे."

"कळवलं. मसुद्याचे फोटो पाठवले. ते म्हणतात, तारखा कोणीही बदलू शकतं. समोरच्याने स्वतः पुस्तक मागे घेतलं तरच ऐकू. सोमवारपर्यंत मुदत आहे. नाहीतर माझं खातं कायमचं बंद. म्हणजे बाई, त्यांच्या लेखी चोर मी!" सबीनाचा आवाज चिरकला. "पप्पांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय, माझी पोरगी रायटर झाली म्हणून."

"फाइल कोणाकोणाकडे होती?"

"तिघांकडे. फक्त तिघांकडे."

बाईंनी मुलांना घरी पाठवलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "मग चोर तुझ्या ओळखीचा आहे, सबीना. पाणी पी आणि एकेकाबद्दल सांग."

२

पहिला रेनॉल्ड. सबीनाचा चुलतभाऊ, तारोडीतच दोन घरं सोडून राहणारा. केबल आणि इंटरनेटची जोडणी करून देण्याचं काम करायचा. प्रत्येक प्रकरण लिहून झालं की पहिलं त्याला जायचं.

दुसरा गुणवंतभाई. भाईंदर पश्चिमेला 'महिन्याभरात लेखक व्हा' असे वर्ग चालवायचा. नव्या लेखकांना सल्ला द्यायचा आणि स्वतः किती टोपणनावांनी ईबुकं काढायचा याचा पत्ता कोणालाच नव्हता.

तिसरा अनिश. पेणकरपाड्याचा. मुखपृष्ठं करायची, फाइल ईबुकसाठी नीट बांधायची, हा त्याचा धंदा. सबीनाची फाइल त्यानेच बांधली होती.

"याच्यापासून सुरुवात करू," म्हणत बाईंनी अनिशला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, मला माहीत होतं तुम्ही मलाच पहिला लावणार," पलीकडून अनिश म्हणाला. आवाज तरुण, जरा दुखावलेला. "फाइल माझ्याकडे होती, सगळे माझ्याकडेच बघणार. पण मी एवढा येडा आहे का? कस्टमरचं पुस्तक चोरलं तर उद्या मला काम कोण देणार?"

"बरोबर आहे तुझं. मग कोण असेल?"

"मी नाव नाही घेत. पण टोपणनावाने कोण छापतंय, तेवढं बघा."

फोन ठेवल्यावर सबीना म्हणाली, "पोरगा सरळ आहे, बाई. कव्हरचे रंग चारदा बदलून दिले, तोंड वाकडं केलं नाही."

"सरळ आहे की नाही ते माहीत नाही. हुशार आहे. आपण विचारायच्या आधीच त्याने उत्तर तयार ठेवलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गुणवंतभाईच्या वर्गात पोचल्या. खोली छोटी, एसी मोठा. भिंतीवर गुणवंतभाईचाच हसरा फोटो.

"आवो, आवो टीचरजी! सबीनाबेन, तुमचा मेसेज वाचून मला पण शॉक लागला. पायरसी तो बहोत बढ़ गई है. मी वर्गात पयलाच सांगतो, मॅन्युस्क्रिप्ट म्हंजे तिजोरीची चावी, कोणाला देऊ नका."

"तुम्हाला दिली होती तिने," बाई शांतपणे म्हणाल्या.

"मला दिली तर चालते!"

"गुणवंतभाई, तुम्ही कोणकोणत्या नावांनी लिहिता?"

त्याचं हसू जरा आखडलं. "ते ट्रेड सिक्रेट आहे, टीचरजी. लेडीज नावाने पण लिहितो, साधूच्या नावाने पण लिहितो. पब्लिकला जे पायजे ते."

"किरण समुद्रे?"

"छे छे!" म्हणत त्याने टेबलावरचा लॅपटॉप घाईने मिटायला हात पुढे केला. पण शाळेत वर्षानुवर्षं बाकाखालची चिठ्ठी पकडलेल्या बाईंची नजर आधीच तिथे पोचली होती. पडद्यावर उघडं पुस्तक होतं आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव होतं, 'धक्क्यावरची चप्पल.'

३

"हे काय?" सबीना उभीच राहिली.

"अरे बैठो तो सही! तुमच्या मेसेजनंतर मीच विकत घेतला. बघा, हे बिल!" गुणवंतभाईने घाम पुसत फोन पुढे केला. पुस्तक खरोखरच आदल्या संध्याकाळी विकत घेतलेलं होतं. "म्हटलं बघू तरी चोराने काय केला. चोरीतून पण शिकायला मिळतं. पण अर्धा पण नाय वाचू शकलो."

"का?"

"सणाच्या दिवशी देवीसमोर मटण वाढलाय त्या माणसाने! मी तर बुक बंद करून हात धुतले. एवढी मिस्टेक? मेरे क्लास का कोई बच्चा भी नहीं करेगा."

बाईंनी ते पान उघडायला लावलं. सबीनाने मूळ पुस्तकातला तोच भाग फोनवर काढला. दोन्ही शेजारी ठेवून बाई सावकाश वाचू लागल्या. एकदा, मग पुन्हा एकदा.

सबीनाच्या पुस्तकात तो नाताळचा प्रसंग होता. पीटरची आई उंबरठ्यावर मेणबत्ती लावते, टेबलावर डुकराच्या मांसाचं सोरपोतेल आणि तळलेले फुगे मांडते आणि तेवढ्यात खुनी दारात येतो, एका पायात चप्पल नसलेला.

किरण समुद्रेच्या पुस्तकात नाताळची गौरीपूजा झाली होती. प्रकाशची आई उंबरठ्यावर मेणबत्ती लावते. गणपतीपुढचा पडदा ओढून घेते. मग गौरीपुढे नैवेद्य ठेवते, वडे आणि मटण. आणि खुनी दारात येतो.

"हं," बाई एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी त्या पानाची छापील प्रत मागून घेऊन पर्समध्ये ठेवली.

बाहेर पडून रिक्षात बसल्यावर त्या बोलल्या. "चोराने फाइलमध्ये शब्द शोधून शब्द बदलत नेलेत. नाताळच्या जागी गौरी, फुग्यांच्या जागी वडे, सोरपोतेलच्या जागी मटण. सण बदलला, पण जेवणातलं मांस काढायचं त्याला सुचलं नाही. आता बघ, अशी चूक कोण करेल? गुणवंतभाई शाकाहारी. मटण हा शब्द टाइप करताना त्याचा हात कापला असता. अनिश हिंदू घरातला. गौरी-गणपती लहानपणापासून पाहिलेले. नैवेद्याला मटण कसं ठेवेल?"

वाईजवळच्या बाईंच्या माहेरी गौरीला पुरणपोळी असायची, सोळा भाज्या असायच्या. मटणाच्या भांड्याची सावलीसुद्धा त्या दिवसांत घरावर पडायची नाही.

सबीनानेच हळू आवाजात वाक्य पुरं केलं. "म्हणजे ज्याला या सणातलं काही कळत नाही, असा माणूस."

"हो, बाळ."

"म्हणजे रेनॉल्ड."

४

तारोडीत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. रेनॉल्ड घरामागे शिडीवर उभा राहून वायर ओढत होता. त्याने बाईंना पाहून शिडीवरूनच हात जोडले.

"बाई! कवा आलाव? सबीना, त्यांना खुर्ची दे ना."

सबीनाने खुर्ची दिली नाही. "रेनॉल्ड, किरण समुद्रे कोण हाय?"

"तुझा चोर. मला काय विचारतंस?"

"तुलाच विचारते. फाइल तुझ्याकडे होती. इंटरनेटचं सगळं तुला येतं. आणि ज्याने चोरलं त्याला गणपतीतलं काय पन ठाऊक न्हाय."

रेनॉल्ड शिडीवरून खाली उतरला. हातातली पक्कड त्याने हळूच पायरीवर ठेवली. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, जसं वर्गात एखाद्या मुलाला बाजूला घेऊन सांगावं तसं, आवाज न चढवता. पान दाखवलं. मटण दाखवलं.

त्याने पान वाचलं आणि तो हसला.

"बाई, तुमी मोठ्या हाव, शिकलेल्या हाव, तुम्हाला काय बोलू? पन एक सांगतो. आमी सगळे पोरं गणपतीत भाईंदरला दोस्तांच्या घरी जातो. काय खातो? मोदक. मोदक खाऊन पोट फुटंपर्यंत. मी जर तिचं पुस्तक चोरलं असतं आनि त्यात गौरी घातली असती, तर मी मोदक घातले असते. लाडू घातले असते. दुसऱ्याच्या देवाचं लिवताना मानूस घाबरून लिवतो, बाई. मटण ठेवायची माझी छाती झाली असती का? लोकांनी घर जाळलं असतं माझं."

शेजारच्या अंगणात कोंबड्या कलकलत होत्या.

"आनि तू," रेनॉल्ड सबीनाकडे वळला, "तुझ्या आयच्या मयताला माझ्या खांद्यावर रडलीस. तिच्या गोष्टी तू पुस्तकात घातल्यास, त्या मी वाचून रडलो. त्या मी इकीन?" तो पुन्हा शिडी चढू लागला. "जा. पप्पाला भेटून जा. तो सकाळपासून तुझी वाट बघतो."

सबीना मटकन पायरीवर बसली. बाई मात्र उभ्याच होत्या. त्यांचे कान तापले होते. शरमेने, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. पोराचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. ज्याला विषय येत नाही, तो पुस्तकातलं ठरीव उत्तर लिहितो. वर्गातला कच्चा मुलगा निबंधात नेहमी गाय हा उपयुक्त पशू आहे असंच लिहितो. तिची शिंगं वाकडी होती, असं लिहायला घरी गाय लागते.

त्यांनी पर्समधून पानाची प्रत काढली आणि पुन्हा वाचली. या वेळी मटण सोडून बाकीचं.

"सबीना," त्या एकदम म्हणाल्या, "तुझ्या नाताळात पडदा आहे का गं कुठे?"

"पडदा? नाही."

"खिडकीचा, दाराचा, कसलाही?"

"नाही, बाई. का?"

"कारण चोराच्या पुस्तकात आहे. 'गणपतीपुढचा पडदा ओढून घेते.' मी समजले, दिव्याला वारा लागू नये म्हणून असेल, आणि पुढे गेले. मेणबत्ती तुझी आहे, ती बदलायची राहून गेली. पण हा पडदा राहून गेलेला नाही. तो कोणीतरी मुद्दाम आणून लावलाय." बाईंनी प्रत घडी करून ठेवली. "चूक नव्हतीच ती. चूक माझी होती. ऊठ. आपल्याला पेणकरपाड्याला जायचंय."

५

अनिशचं घर चाळीच्या जागी नव्याने झालेल्या इमारतीत होतं. पुढच्या खोलीत मोठा संगणक, त्याच्यावर नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं. आतल्या खोलीतून त्याची आई, विमलाबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"या हो बाई! अनिश म्हणत होता, शाळेतल्या मॅडम चौकशी करतायत. बसा, मी चहा टाकते. आमच्याकडे पुस्तकवाल्यांची लई ये-जा. माझा पोरगा दिवसभर दुसऱ्यांचीच पुस्तकं सजवीत बसतो."

"आई, तू चहा बघ," अनिश म्हणाला. त्याने सबीनाला खुर्ची दिली. "काय झालं? गुणवंतभाई सापडला का?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "तुझी मदत हवीय. तू रोज किती पुस्तकं नजरेखालून घालतोस, तुझी नजर तयार आहे. हे चोराच्या पुस्तकातलं पान. घाईत बदललंय, त्यामुळे चोराने चुका करून ठेवल्यात. मी मुलांना देते तसं तुला देतेय. जिथे चूक वाटेल तिथे रेघ मार."

त्यांनी पान आणि पेन्सिल पुढे केली. अनिशने एकदा सबीनाकडे पाहिलं, मग पान घेतलं. त्याची नजर पानावरून भराभर फिरली आणि एका जागी थबकली. त्याने ठळक रेघ मारली.

"ही बघा! मेणबत्ती. गौरीच्या सणाला उंबरठ्यावर मेणबत्ती कोण लावतं? हे हिंदू माणसाने लिहिलेलं नाही, मॅडम. मला वाईट वाटतंय बोलायला, पण सबीना, तुझा तो भाऊ आहे ना..."

सबीनाने ओठ दाबून धरले. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छान. आणखी?"

अनिशने पान पुन्हा पाहिलं. वरून खाली, खालून वर. "एक स्वल्पविराम चुकलाय. बाकी काही नाही."

"नीट बघ."

"बघितलं. बाकी ठीक आहे."

"गौरीपुढे मटण ठेवलंय, ते ठीक आहे?"

अनिशची पेन्सिल हवेतच राहिली. तो तोंड उघडणार, तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन विमलाबाईच बाहेर आल्या आणि त्यांनी हसत उत्तर दिलं.

"मंग काय ठेवणार? आमच्या गौरीला तिखटाचाच नैवेद्य! वडे नि मटण नसलं तर माहेरवाशीण रुसंल की. तिकडं देशावर पुरणपोळी, आमच्याकडं रत्नागिरीला नाय तसं. फक्त बाप्पाला दिसता कामा नये. तो गोडखाऊ ना! म्हणून मधी पडदा ओढायचा, मगच पान वाढायचं. हा अनिश लहान असताना पडद्याचं टोक धरून उभा राहायचा आणि हळूच वर करून बघायचा, बाप्पा बघतोय का."

त्या मनापासून हसल्या. ट्रे टेबलावर ठेवून त्यांनी वर पाहिलं, तर खोलीत दुसरं कोणीच हसत नव्हतं.

"काय झालं?" विमलाबाईंनी विचारलं.

६

"काही नाही, विमलाबाई. फार छान सांगितलंत. मला हे माहीतच नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांनी चहा संपवला, सबीनालाही संपवायला लावला आणि मग उठल्या. "अनिश, आम्हाला खालपर्यंत सोडायला ये."

इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ एक बाक होता. अनिश बसला नाही.

"आमच्यासारखी हजार घरं आहेत, मॅडम," तो म्हणाला. "अख्ख्या कोकणात पडदा ओढतात. त्यावरून तुम्ही मला चोर ठरवणार?"

"हजार असतील. पण सबीनाची फाइल तीनच घरांत गेली होती. गुणवंतभाईने मटण पाहिलं आणि पुस्तक मिटलं. रेनॉल्ड म्हणाला, मी असतो तर मोदक घातले असते. दोघांनाही ते खटकलं. मला तर एवढं खटकलं की मी एका निरपराध पोरावर आळ घेतला. तू एकटा असा निघालास, की तुला मी चूक शोधायला बसवलं, आणि तुझी नजर त्या ओळींवरून दोनदा फिरून गेली, तरी अडली नाही. मेणबत्तीवर अडली. कारण तुझ्या घरी ती चूक नाहीच. तिथे तसंच असतं."

अनिशने पुढे होऊन टाकीचा गळका नळ आवळला.

"आणि मटण एक वेळ चुकून राहिलं असेल. पडदा चुकून येत नाही. तो ज्याने लहानपणी हातात धरलाय, त्यालाच आठवतो."

"का केलंस?" सबीनाने विचारलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. "मी तुला माझी आई वाचायला दिली होती, अनिश."

तो बाकावर बसला. "चोरायचं नव्हतं. शपथ. मला पण लिहायचंय. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं बांधतो. माझी दहाबारा सुरू केलेली पडलीत, सगळी दुसऱ्या पानावर मेलेली. तुझं वाचलं आणि वाटलं, अरे, हे तर आमच्या गावासारखं आहे. म्हणून नुसतं बघायला नावं बदलली. तुझ्या आईच्या जागी माझी आई घातली. आणि ते चालू लागलं. पहिल्यांदा माझ्या फाइलमध्ये काहीतरी शेवटापर्यंत गेलं. मग बटण दाबलं. वाटलं, नव्या लेखकाचं पुस्तक कोण वाचतंय? तुझंही कोणी वाचणार नाही, माझंही नाही. कळणार कोणाला?"

"आणि रेनॉल्डचं नाव?"

त्याने मान खाली घातली.

बाई त्याच्या शेजारी बसल्या. "हे बघ, त्या कादंबरीत तुझं स्वतःचं एवढंच आहे, ती पडद्याची ओळ. आणि ती इतकी खरी आहे की तिनेच तुला पकडून दिलं. बाकी सगळं सबीनाचं आहे, ते तिला परत दे. आत्ता. माझ्यासमोर."

"माझं खातं बंद करतील, मॅडम. कस्टमर जातील."

"जातील."

"आईला कळेल."

"ते तू सांग. मी सांगणार नाही. पण पुस्तक आत्ता मागे घ्यायचं, आणि साइटला लिहायचं की हे मी सबीनाच्या फाइलवरून केलं. शब्द फिरवायचे नाहीत."

अनिशने फोन काढला. तो लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. बाई घाई करत नव्हत्या. हट्टी मुलाने पहिलं अक्षर गिरवावं म्हणून त्या कधीकाळी अशाच बसून राहत. शेवटी त्याने फोन सबीनाकडे दिला. तिने मजकूर वाचला, दोन शब्द बदलायला लावले आणि पाठवण्याचं बटण स्वतः दाबलं.

"पडद्याची ओळ तुझी तू ठेव," ती म्हणाली. "मला नको ती."

७

सोमवारी दुपारी साइटचं उत्तर आलं. 'बंदरावरची चप्पल' प्रकाशित झालं होतं, लेखिकेच्या जागी सबीनाचं नाव. वॉल्टरने, म्हणजे सबीनाच्या पप्पांनी, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते फोनवर दाखवायला सुरुवात केली. त्यांना स्वतःला पान उलटता येत नव्हतं, म्हणून सगळे मुखपृष्ठच बघून जात होते.

बाई मुद्दाम तारोडीला आल्या होत्या. त्या आधी रेनॉल्डकडे गेल्या. तो अंगणात वायरचं भेंडोळं गुंडाळत होता.

"रेनॉल्ड, मी चुकले," बाई म्हणाल्या. "मला जे ठाऊक नव्हतं, ते जगात नाहीच असं मी धरून चालले. तुझी माफी मागायला आलेय."

तो गडबडला. "नको बाई, तुमी काय... बसा ना." त्याने स्वतः खुर्ची आणली. मागे उभ्या सबीनाकडे मात्र पाहिलं नाही. "तो पोरगा आल्ता सकाळी. पेणकरपाड्यावरनं. माझ्यासमोर उभा राहून रडला. मी काय करणार? पानी दिला."

"मी पण रडू का?" सबीना म्हणाली.

"तुला पानी न्हाय मिलनार."

बाईंना हसू आलं. त्या दोघांना मात्र नाही. रेनॉल्डचं भेंडोळं गुंडाळून झालं होतं, तरी तो ते सोडून पुन्हा गुंडाळू लागला.

"दुसरं सुरू केलंय," सबीना म्हणाली. "पहिलं प्रकरण झालंय. बाई, या वेळी कोणाला देणार नाही. संपेपर्यंत एका माणसाला दाखवणार नाही."

"मग लिहितेस कशाला?" बाईंनी विचारलं. "कुलूप लावून ठेवायला?"

"विश्वास कोणावर ठेवू?"

"ते मी नाही सांगू शकत. माझाच अंदाज कसा चुकतो, ते पाहिलंस."

सबीना पुढे झाली. फोन काढून तिने त्यात काहीतरी केलं, पुन्हा थांबली, मग अंगठा दाबला. रेनॉल्डच्या शर्टाच्या खिशात त्याचा फोन वाजला.

त्याने खिशाला हातही लावला नाही. "मला कशाला पाठवतंस? उद्या ते पन कुठे गेलं, तर परत माझ्याच दारात येशील."

"येईन," ती म्हणाली. "भांडायलाच येईन. तू वाच."

"मला टाइम न्हाय."

बाई उठल्या. सबीना त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला निघाली. रस्त्याचं वळण आलं तेव्हा बाईंनी सहज मागे वळून पाहिलं. वायर अंगणात तशीच पडली होती. रेनॉल्ड भिंतीला टेकून, पायरीवर कडेला वळून बसला होता, मान फोनवर झुकवून, आणि त्याचा अंगठा हळूहळू वर सरकत होता.

"बाई, काय बघताय?" सबीनाने विचारलं.

"काही नाही. चल, बस चुकेल," बाई म्हणाल्या आणि तिला मागे वळू न देता पुढे चालू लागल्या.